हिवाळ्यात मासा जातो कुठे? (पानशेत, खडकवासला, भाटघर, उजनी)

गळवाला_कोथरूड
रविवार, दुपारी १:२०

नमस्कार मंडळी. तीन रविवार झाले, हात हलवत घरी येतोय. दोनदा पानशेतचा फुगवटा, एकदा खडकवासल्याच्या मागचं पाणी. साडेचारला उठायचं, कानटोपी, दोन स्वेटर, थर्मासभर चहा, आणि सहाच्या ठोक्याला काठावर. ऑक्टोबरात याच जागेवर दोन किलोचा रोहू काढला होता. त्याचा फोटो इथे टाकला तेव्हा तुम्हीच कौतुक केलं होतं. आता तीच काठी, तेच आमिष, आणि बूच पाण्यावर नुसतं उभं. आज ऊन वर आल्यावर एक चतुर त्याच्यावर येऊन बसला आणि चांगला अर्धा तास बसून राहिला. इतका भरवसा त्यालाही होता की हे काही हलत नाही.

सामान असं: दहा फुटी काठी, साधं रील, ०.३५ मिलिमीटरचा तंगूस (नायलॉनचा दोरा). कणीक आणि शेंगदाण्याची पेंड, वरून थोडी बडीशेप. बसल्या बसल्या दोन किलो चारा मारतो. ठेका ज्या संस्थेकडे आहे तिची पावती रीतसर घेतो, त्यामुळे तो विषय नको. धरणाच्या भिंतीजवळ किंवा बंदी असलेल्या पट्ट्यात जात नाही.

प्रश्न एवढाच, की थंडीत मासा खातच नाही का? जागा बदलू, आमिष बदलू, की सरळ फेब्रुवारीपर्यंत काठी माळ्यावर टाकू? घरून तिसऱ्या पर्यायाला जोरदार पाठिंबा आहे.


नुसताच_वाचक
रविवार, दुपारी १:५२

मासे मार्गशीर्ष पाळत असतील.


पाणकावळा
रविवार, रात्री ९:४०

गळवाले, जागा बरोबर आहे आणि आमिषही वाईट नाही. तुमचं घड्याळ चुकलंय.

पुण्यातली दुकानं दुपारी एक ते चार बंद, असं जग आपल्याला हसतं. हिवाळ्यातल्या माशाचं नेमकं उलटं आहे, त्याचं दुकान उघडतंच त्या वेळेला. पहाटेचं महत्त्व आपण उन्हाळ्यात शिकतो, कारण तेव्हा दिवसा पाणी तापतं आणि मासा पहाटेच्या गारव्यात काठाला येतो. तो धडा पाठ झाला की डिसेंबरातही तोच म्हणत बसतो. मी स्वतः कितीतरी हिवाळे असे फुकट घालवलेत. लोक म्हणायचे, थंडीत मासा नसतो. मीही मान डोलवायचो.

रात्रभर पाण्याचा वरचा थर आणि काठाचं उथळ पाणी गारठतं. गार पाणी जड, ते उतारावरून खाली सरकतं. माशाचं अंग पाण्याइतकंच गार, त्याला ना शेकोटी ना कानटोपी. तो खोलात जातो, जिथे निदान तापमान एकसारखं असतं, आणि जवळपास नुसता उभा राहतो. तुम्ही मात्र काठापासून वीस फुटांवर, धरणातल्या सगळ्यात गार पाण्यात गोळा टाकून बसलेले असता.

दहा-साडेदहानंतर गणित उलटतं. उथळ पाणी खोल पाण्याच्या आधी तापतं. काळा खडक, काळा गाळ, बुडालेली झुडपं असतील तिथे अजून आधी. या दिवसांत सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणून जलाशयाचा उत्तरेकडचा काठ, ज्याचं तोंड दक्षिणेला आहे तो, दिवसभर उन्हात राहतो. पानशेतला दोन्ही बाजूंना डोंगर आहेत. समोरच्या काठावर काही ठिकाणी अकरापर्यंत सावली हटत नाही. तो काठ मे महिन्यासाठी राखून ठेवा.

वाऱ्याचंही तसंच. आपण वारा पाठीवर घेऊन बसतो, कारण सुखाचं वाटतं आणि फेक लांब जाते. पण वरचं कोमट झालेलं पाणी वारा समोरच्या काठाला ढकलत असतो. मफलर नाकापर्यंत घ्या आणि वाऱ्याच्या तोंडावर बसा.

आता चारा. दोन किलो? अहो, थंडीत त्याचं पोट रेंगाळत चालतं. एकदा खाल्लं की बराच वेळ भागतं. दोन किलो मारून तुम्ही त्याला जेवू घालून झोपवताय. मूठभर पुरे, तोही बारीक, पाण्यात ढग होईल असा. गोळा बोराएवढा नको, हरभऱ्याएवढा करा. गळ दोन आकार लहान, तंगूस ०.२० च्या आसपास, कारण पावसाचा गढूळपणा बसून पाणी आता नितळ झालंय आणि ०.३५ त्याला दोरखंडासारखा दिसतो. जाड बूच फेकून द्या. थंडीतला चावा बूच बुडवत नाही. ते किंचित कलतं, किंवा उलट बोटभर वर उचललं जातं, कारण मासा आमिष घेऊन डोकं वर करतो. मला खात्री आहे, तुमच्या त्या चतुराच्या अर्ध्या तासात एक-दोन चावे येऊन गेले असणार.


गळवाला_कोथरूड
रविवार, रात्री १०:०५

चतुर एकदा थोडा हलला होता खरा. मला वाटलं वारा.


अर्धवट_शास्त्रज्ञ
सोमवार, सकाळी ७:३०

पाणकावळा यांच्या प्रतिसादाला थोडी आकड्यांची फोडणी. (प्राणिशास्त्र शिकवतो, मासे पकडता येत नाहीत. आधीच सांगितलेलं बरं.)

थंड रक्ताच्या प्राण्यात तापमान १० अंशांनी उतरलं की शरीराचे व्यवहार ढोबळमानाने निम्म्या वेगाने चालतात. कटला, रोहू, मृगळ यांना २५ ते ३० अंशांचं पाणी मानवतं. २० च्या खाली खाणं रोडावतं, पण थांबत नाही. चिलापी त्यांच्याहून नाजूक. मूळची आफ्रिकेची, १९५२ मध्ये भारतात आली, आणि थंडी तिला अजून सवयीची झालेली नाही.

दुसरं म्हणजे, वेधशाळा सांगते तो आकडा हवेचा. पाषाणला पारा ९ वर उतरला म्हणजे पानशेतचं पाणी ९ झालं असं नाही. एवढ्या पाण्याला थंड व्हायला आठवडे लागतात. पहाटे पाण्यावरून वाफा उठताना दिसतात, त्या म्हणजे पाणी हवेपेक्षा गरम असल्याची खूण. त्यामुळे एका रात्रीच्या कडाक्याने फारसं बिघडत नाही. चार-पाच रात्री ओळीने कडाक्याच्या गेल्या, की काठाचं पाणी खरंच उतरतं. उलट ढगाळ हवा येऊन किमान तापमान दोन-तीन दिवस वर राहिलं तर जावं.

मत्स्यालयाच्या दुकानात पाण्याचा तापमापक स्वस्तात मिळतो. दोरी बांधा, शिसं लावा, काठाला आणि खोलात दोन्हीकडे सोडून बघा. अंदाजापेक्षा बरं.


भोरचा_पाव्हणा
सोमवार, दुपारी १२:१५

सगळं मान्य, पण एक वाजता उघडणारं दुकान धरणावर. नदीवर नाही. नीरेच्या डोहात मी पहाटे मासे काढलेत, जानेवारीत. वाहत्या पाण्यात वरचा थर आणि खालचा थर असं काही राहत नाही, सगळं घुसळलेलं असतं. तिथे पहाट आणि दुपार यांत तुम्ही म्हणता तेवढा फरक पडत नाही.

आणि थंडीत पाण्यात प्राणवायू कमी होतो म्हणून मासा सुस्तावतो असं आमच्याकडे म्हणतात, ते कोणी लिहिलं नाही.

भाटघरबद्दल सांगतो, कारण धाग्याच्या नावात आहे आणि अजून कोणी बोललं नाही. वेळवंडीवरचं हे धरण १९२८ चं. हिवाळ्यात तिथे मला तापमानापेक्षा पातळी जास्त त्रास देते. खाली कालव्याला पाणी सुटलं की फुगवटा मागे सरतो. शनिवारी जिथे कमरेएवढं पाणी होतं तिथे पुढच्या शनिवारी चिखल. मासा उतरत्या पाण्यात काठ सोडतो हे माझं ठाम मत. पाणी दोन-चार दिवस स्थिर राहिलं की परत येतो. म्हणून मी जायच्या आधी थर्मामीटर बघत नाही, आवर्तन, म्हणजे कालव्याचं पाणी, सुटलंय का ते विचारतो.


अर्धवट_शास्त्रज्ञ
सोमवार, दुपारी १२:४०

प्राणवायूचं उलटं आहे. गार पाण्यात तो जास्त मावतो. समुद्रसपाटीला २० अंशांच्या एका लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. पुण्याच्या उंचीवर दोन्ही आकडे थोडे कमी होतात, पण प्रमाण तेच. मासा सुस्तावतो तो गारठ्याने, गुदमरून नाही. नदीचा मुद्दा बरोबर.


पाणकावळा
सोमवार, दुपारी ३:२५

पाव्हणे, पातळीचा मुद्दा मी विसरलो, आणि तो खरंच मोठा आहे. गळवाले, तुमच्या दोन्ही धरणांना तो वेगवेगळा लागू होतो. खडकवासला साखळीतली चार धरणं मिळून साठा साधारण २९ टीएमसी. त्यात खुद्द खडकवासल्याचा दोनसुद्धा नाही. वरून पानशेत, वरसगाव, टेमघरचं पाणी येतं, खालून शहर आणि कालवा पितो. म्हणजे खडकवासला हा मधला हंडा. त्याची पातळी वरखाली होते पण पुन्हा भरली जाते. पानशेत मात्र हिवाळ्यात एकदा उतरायला लागलं की उतरतच जातं. ऑक्टोबरातली तुमची 'याच जागेवर'ची जागा आता जागेवरच नाही. काठ खाली सरकलाय. तेव्हा जिथे दहा फूट पाणी होतं तिथे आता चार असेल.

आणि एक इशारा. पाणी उतरलेल्या काठावर वरून सुकलेला, भेगा पडलेला गाळ दिसतो. खाली तो मऊ असतो. गुडघ्यापर्यंत रुतलेला पाय ओढताना बूट आतच राहिलाय माझा. तो अजून तिथेच आहे. एकट्याने जाऊ नका, काठीने चाचपत चला, आणि पाण्यात उतरून गळ सोडवायच्या भानगडीत पडू नका. दहा रुपयांच्या गळासाठी खडकवासल्यात जीव गेलेत.


मांदेली
सोमवार, रात्री ८:५०

मी पकडणारी नाही, खाणारी. बाजूला बसून वाचत होते, दोन शंका.

एक, हिवाळ्यातला गोड्या पाण्यातला मासा चवीला बरा लागतो असं माझं मत आहे. चिखलाचा वास कमी येतो. हा माझा भास की काही कारण आहे?

दोन, बंडगार्डनच्या बंधाऱ्याखाली आणि मुंढव्याकडे लोक गळ टाकून बसलेले दिसतात. टोपलीत मासेही असतात. ते खायचे असतात का? परवा आमच्या कामवाल्या मावशींना कोणीतरी तिथला मासा दिला. त्यांनी मला विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही.

(आणि मार्गशीर्षातले फक्त गुरुवार पाळायचे असतात, नुसताच_वाचक. रविवार मोकळा आहे.)


अर्धवट_शास्त्रज्ञ
सोमवार, रात्री ९:२०

भास नाही. तो मातकट वास मुख्यतः पाण्यातल्या निळ्या-हिरव्या शेवाळाच्या आणि काही जिवाणूंच्या रसायनांमुळे येतो. कोमट, साचलेल्या पाण्यात हे जीव फोफावतात, थंडीत मंदावतात. ते रसायन माशाच्या चरबीत आणि कातडीत बसतं. चिंचेचा कोळ किंवा आमसूल लावून ठेवण्याची आपली पद्धत तिथे उपयोगी पडते, कारण आंबटात ते मोडतं.

मुळा-मुठेतला शहरातला मासा खाऊ नये. त्यात दुमत होण्यासारखं काही नाही. तिथे आता मुख्यतः मांगूर आणि चिलापी सापडतात. मासा जिवंत आहे म्हणजे पाणी बरं आहे असा अर्थ लावू नका. मांगूर वर येऊन हवेतला प्राणवायू घेतो, गटारातही जगतो. आफ्रिकी मांगूर पाळायला आणि विकायला आपल्याकडे बंदी आहे, तरी नदीत तो आहेच. मावशींना सांगा, फेकून द्या. वाईट वाटेल, पण द्या.


उजनीकाठ
सोमवार, रात्री ११:१०

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. धाग्याच्या नावात उजनी आहे आणि चर्चा पानशेतवरच फिरतेय, म्हणून.

मी भिगवणच्या बाजूचा. आजोबा आणि वडील दोघेही भोई, मासेमारीवरच घर चाललं. मी हडपसरला नोकरी करतो, शनिवारी गावी जातो. वडील अजून होडी काढतात.

तुम्ही गळवाले म्हणता मासा खात नाही. आम्ही म्हणतो मासा चालत नाही. गोष्ट एकच, पण आमच्या धंद्याला ती जास्त झोंबते. आमचं जाळं पाण्यात उभं असतं, पडद्यासारखं. मासा चालत येऊन त्यात अडकला तर सापडला. संध्याकाळी लावायचं, पहाटे काढायचं. थंडीत रात्री मासा हिंडतच नाही, म्हणून जाळं रिकामं. वडील पौषात जाळी खोल नेतात, भीमेच्या जुन्या पात्रावर. उजनीत वरून बघितलं तर सगळं सपाट पाणी. पण खाली जुनी नदी आहे तशी आहे, वळणं घेत गेलेली. थंडीत मासा त्या खोल नाळीत बसतो. ती नाळ कुठे वळते, कुठे जुना डोह होता, हे आजोबांना तोंडपाठ होतं, कारण त्यांनी धरणाच्या आधीची नदी पाहिलेली. वडिलांना त्यांनी खुणा दिल्या, अमुक टेकडी आणि तमुक देवळाचं शिखर एका रेषेत आलं की खाली डोह. मला त्यातल्या तीन-चारच माहीत आहेत. आता लोक यंत्र लावून खोली बघतात.

पहाटे जाळं काढताना हात बधिर होतात. थंड पाण्यात चिलापीचा काटा बोटात गेलेला कळतही नाही. घरी येऊन चुलीशी बसलं की मग दुखायला लागतं. चिलापीवरच आमच्या बाजूचं पोट आहे. पुण्याहून गाड्या भरून लोक ती खायला येतात. कटला-रोहूचं बीज सोडलं जातं, पण ते मोठं व्हायच्या आतच वडाप पद्धतीने मासे धरणारे लहान आसाच्या, म्हणजे बारीक छिद्रांच्या, जाळ्यात बोटाएवढी पिल्लं उपसून नेतात. त्याच्यावर नुसत्या तक्रारी होतात. आणि आता तो काटेरी सकर मासा. तुमच्या शहरातल्या काचेच्या टाक्यांत काच साफ करायला ठेवतात तोच. कोणीतरी कंटाळून नदीत सोडला, तो आमच्याकडे येऊन वाढला. खायला कोणी घेत नाही आणि सोडवताना जाळं फाडतो.

शास्त्रज्ञ सरांनी मुळा-मुठेचं लिहिलं ते बरोबर. फक्त ती नदी पुढे भीमेला मिळते आणि भीमा उजनीत, हेही लिहा. पुण्यात ज्या पाण्यातला मासा खाऊ नये म्हणता, ते पाणी शेवटी आमच्या दारात थांबतं. हिवाळ्यात फुगवट्याच्या वरच्या टोकाला ते हिरवंगार दिसतं. रोहित पक्षी मात्र खूश असतात. आमच्यातले बरेच जण या दिवसांत जाळी गुंडाळून पाहुण्यांना होडीतून पक्षी दाखवतात. मासा चालत नाही त्या महिन्यात कॅमेरेवाले चालत येतात, एवढं बरं आहे.

गळाने यायचं असेल तर सांगतो. पाणी उतरायला लागलं की गाळपेर सुरू होते, लोक उघड्या पडलेल्या गाळात पिकं घेतात. त्यांच्या रानातून विचारल्याशिवाय जाऊ नका. पाणी आणि गाळपेर यांच्यामधल्या पट्ट्यात, दुपारी, जिथे पाणकावळे आणि कवड्या खंड्या एकाच ठिकाणी परत परत बुडी मारतात, तिथे बारीक मासा आहे. बारीक मासा आहे म्हणजे त्याच्या मागे मरळ किंवा शिंगटा असतो.


पाणकावळा
मंगळवार, सकाळी ६:५०

उजनीकाठ, ती टेकडी आणि शिखराची रेघ लिहून ठेवा हो. इथे नको, वहीत.


नुसताच_वाचक
मंगळवार, सकाळी ९:०५

पाच वर्षं या सदरात वाचतोय. पहिल्यांदाच एखादा प्रतिसाद दोनदा वाचला.


भोरचा_पाव्हणा
मंगळवार, दुपारी १:३०

मरळेवरून आठवलं. थंडीत मरळ मिळत नाही ही पण एक अफवा. तिलाही वर येऊन हवा घ्यावी लागते. थंडीत कमी वेळा येते, पण येते. दुपारी दोनच्या सुमाराला पाणवनस्पतींच्या मोकळ्या खिडकीत उन्हाला येऊन पडते, अगदी ओंडक्यासारखी. रबरी बेडूक तिच्या पुढून हळू, फार हळू ओढायचा. पावसाळ्यात ती झडप घालते, आता विचार करते. मी मध्ये थांबवून दहापर्यंत मोजतो.

दुसरी गोष्ट सांगावी की नाही असं दोन दिवस चाललंय. गेल्या महिन्यात नीरेच्या एका डोहात महाशीर लागला. आमचे जुने लोक खडशी म्हणायचे. साडेतीन किलोच्या आसपास, सोन्यासारखे खवले, कल्ल्याजवळ तांबूस. सोडून दिला. सोबतच्या मित्राने दोन दिवस अबोला धरला. डोहाचं नाव सांगणार नाही, विचारू नका.


मांदेली
मंगळवार, दुपारी २:१०

सोडलात ते बरं केलंत. मित्राला माझ्याकडे जेवायला पाठवा.


अर्धवट_शास्त्रज्ञ
मंगळवार, संध्याकाळी ६:००

पाव्हणे, या माशाचं पुण्याशी नातं तुम्हाला माहीत आहे का? दख्खनी महाशीरचं शास्त्रीय नाव टॉर खुद्री. कर्नल साइक्सने १८३९ मध्ये त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन छापलं, ते पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. म्हणजे जगभरच्या ग्रंथांत या जातीचं मूळ ठिकाण म्हणून जी नदी नोंदवली आहे, ती मांदेली यांनी वर विचारलेली. मावशींना ज्या नदीतला मासा फेकायला सांगितला, तीच.

आज आपल्याकडच्या धरणांत जो महाशीर दिसतो त्यामागे लोणावळ्याच्या वळवणला टाटांनी १९७० च्या दशकात सुरू केलेलं बीजोत्पादन आहे. तिथली पिल्लं देशभर गेली. सगळीकडे गेली ते चांगलंच झालं असंही नाही. कावेरीत हीच खुद्री सोडल्यावर तिथला मूळचा मोठ्या कुबडाचा महाशीर मागे पडला आणि २०१८ मध्ये तो अतिसंकटग्रस्त म्हणून जाहीर झाला. आपला मासा तिथे उपरा ठरला. चांगल्या हेतूने बादली रिकामी करणाऱ्यांनी, मग ती महाशीरची असो की घरच्या टाकीतल्या सकरची, हे लक्षात ठेवलेलं बरं.


उजनीकाठ
मंगळवार, रात्री १०:३०

देहूला इंद्रायणीच्या डोहात अजून कोणी गळ टाकत नाही. आजी वारीहून आली की सांगायची, तिथले मासे हातातून लाह्या खातात. आम्ही भोयांची पोरं, आम्हाला ते ऐकून हेवा वाटायचा की वाईट, ते आठवत नाही आता.


पाणकावळा
बुधवार, सकाळी ७:१५

महाशीर लागलाच तर दोन सूचना, कारण या थंड नितळ पाण्यात लागण्याची शक्यता इतर वेळेपेक्षा जास्त. गळाचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून ठेवा, सोडवायला सोपं जातं. आणि हात ओले करून धरा, कोरड्या खडकावर ठेवू नका. फोटो पाण्यात बसूनच काढायचा. त्याला प्रवाहाकडे तोंड करून धरायचं, तो शेपटी मारून स्वतः निघेपर्यंत.

सुरुंग आणि विष टाकून मासे मारायला १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे, तरी वरच्या डोहांत दरवर्षी कुठे ना कुठे आवाज ऐकू येतो. एका आवाजात पुढची दहा वर्षं जातात. असो, गळवाल्यांच्या धाग्यावर फार वळणं घेतली. गळवाले, आहात का?


गळवाला_कोथरूड
रविवार, रात्री ७:४५

आहे, आत्ताच आलो. अहवाल देतो.

आज आठला उठलो. घरात आजारी आहेस का अशी चौकशी झाली. पोहे खाल्ले, साडेनऊला निघालो, डोणज्याच्या पुढे नेहमीची सिंहगडवाल्यांची गर्दी. अकराला पानशेतला. जुनी जागा बघितली. पाणकावळा म्हणाले तसंच, काठ चांगला पंधरा पावलं खाली गेलेला आणि माझी बसायची शिळा कोरड्यात. पलीकडे उत्तरेच्या काठाला गेलो. वारा थेट तोंडावर. डोळ्यांतून पाणी.

तापमापक घेतला होता. काठाला अकरा वाजता २१, दीड वाजता जवळजवळ २४. खोलात सोडला तर दोन्ही वेळेला २१ च्या आसपास. हे बघून मला मासा मिळाल्यासारखाच आनंद झाला.

चारा एक मूठ. गोळा हरभऱ्याएवढा, तो बोटांना इतका लहान लागतो की तीनदा पाण्यात पडला. पातळ बूच. पाऊण तास काही नाही. मग एक वीसला बूच किंचित वर आलं. सवयीने बुडायची वाट बघत बसलो आणि ते परत खाली बसलं. गेला. स्वतःला चार शिव्या घातल्या. पावणेदोनला पुन्हा तसंच वर आलं, या वेळी मारलं. मृगळ, पाऊण किलोचा. त्यानंतर अडीचला एक मोठा लागला, दोन मिनिटं राहिला आणि झुडपात शिरून तंगूस तोडून गेला. ०.२० घ्यायला सांगणाऱ्यांनी झुडपांचं सांगितलं नव्हतं.

पावणेचारला डोंगराची सावली पाण्यावर आली आणि त्यानंतर एकही चावा नाही. शटर पडलं.


नुसताच_वाचक
रविवार, रात्री ८:०२

एक ते चार. पुणेरी मासा.


मांदेली
रविवार, रात्री ८:१५

मृगळाला काटे फार. उभ्या बारीक चिरा देऊन, आमसुलात अर्धा तास ठेवून, रव्यात कुरकुरीत तळा. बारीक काटे त्यात विरून जातात.


भोरचा_पाव्हणा
रविवार, रात्री ८:४०

झुडपांपाशी ०.२५ चालतो. आणि पुढच्या आठवड्यात जायच्या आधी पातळी विचारा, आवर्तनाची चर्चा कानावर आहे.


गळवाला_कोथरूड
रविवार, रात्री ९:१०

विचारतो. एक नवीन अडचण आहे. दुपारचीच वेळ असेल तर मीही येते, असं घरून कळवण्यात आलंय. डबा घेऊन, सतरंजी घेऊन, बहुधा मेहुणीलाही घेऊन. काठावर गप्प बसायचं असतं हे कोणी सांगायचं?


पाणकावळा
रविवार, रात्री ९:३०

सांगूच नका. हवेतला आवाज पाण्यात फारसा शिरत नाही, बहुतेक पृष्ठभागावरूनच परत फिरतो. माशाला गप्पा ऐकू येत नाहीत, जमिनीवर पाय आपटल्याचा दणका मात्र लगेच कळतो. तेव्हा बोला हवं तेवढं. फक्त सतरंजी झटकायला उठू नका.